वळशाची लाइन

माझे वडील चिंचवड स्टेशनात सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावरून जायची त्याप्रमाणे सांधा ओढायचा, हे त्यांचं काम. हुकूम स्टेशनमास्तर सोडायचे आणि वडील उन्हापावसात दांडा ओढायचे, पण घरी बोलताना त्यांचा थाट असा, की मुंबईहून निघालेली प्रत्येक गाडी त्यांना विचारूनच पुण्यात शिरते. त्यांच्यामुळे मला लहानपणापासून एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मालगाडीचा जन्म ताटकळण्यासाठी झालेला असतो. पुण्याच्या यार्डात जागा नसली की मालगाड्या आमच्या क्वार्टरसमोर तासन्‌तास उभ्या राहायच्या. गार्ड पहिल्यांदा यायचा तो पाणी मागायला, दुसऱ्यांदा चहा मागायला, आणि तिसऱ्यांदा तो दिसला की आई दार लोटून घ्यायची.

मूळचे आम्ही पुनावळ्याचे. जमीन भावकीत वाटली जाता जाता वडिलांच्या वाट्याला बांधच उरला, म्हणून ते रेल्वेत चिकटले. मला मात्र त्यांनी शेतकऱ्याच्या घरी दिलं, महाळुंग्याला. आता तिथे जिकडे पाहावं तिकडे कारखान्यांच्या भिंती आहेत. तेव्हा ते चाकणच्या बाजाराला कांदा-बटाटा पाठवणारं गाव होतं आणि बैलगाडीच्या चाकोरीखेरीज गावाला रस्ता नव्हता. मी सातवी, म्हणजे त्या वेळची फायनल, पास झालेली. गावातल्या बायकांत तेवढं शिकलेली मी एकटीच. पुरुषांत शाळेचे मास्तर होते, पण ते स्वतः सरकारचे नोकर म्हणून सरकारकडे जायच्या कुठल्याही कागदाला हात लावत नसत. त्यामुळे लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत गावाचे अर्ज माझ्याकडे येऊ लागले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, यावर आतून खूश असत आणि वरून कुरकुरत. भांडी घासून झाल्यावरच कागद हातात घ्यायचा, अशी आत्याबाईंची, माझ्या सासूची, अट होती.

दुसऱ्या वर्षी मला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तो आठव्या महिन्यातच आला, वडील मला न्यायला यायच्या आत. अकरा दिवस जगला. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं होतं, शेजारून पाळणा आणून ठेवला होता. नाव ठेवायचं तेवढं राहिलं. एवढ्या लहान जिवाला आमच्याकडे जाळत नाहीत, मातीत ठेवतात. माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझा नवरा आणि मामंजी त्याला घेऊन गेले आणि हातपाय धुऊन परत आले. मी बाळंतिणीच्या खोलीत. कुठे ठेवलं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची रीत नव्हती. बायकांनी तिथे जायचं नाही, वर काही खूण करायची नाही, आणि गेलेल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाव काढलं की पुढचं मूल वाटेतून माघारी फिरतं, असं आत्याबाई म्हणायच्या. ज्याला नावच नव्हतं त्याचं नाव काढायचं कसं, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. पाणवठ्यावर बायकांच्या बोलण्यातून मला एवढंच कळलं, की ओढ्याकाठच्या आमच्या वावरात, ओढ्याच्या अंगाला. ते वावर दीड एकराचं. त्या दीड एकरात माझा मुलगा कुठेतरी होता.

पुढच्या हिवाळ्यात रेल्वेचे मोजणी साहेब आले. चष्मा, डोक्यावर टोपडं असावं तशी मोठी हॅट, बरोबर साखळी धरणारी चार माणसं आणि तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण. गावाबाहेरच्या आंब्यांखाली त्यांनी तंबू ठोकले. पुण्याचं यार्ड तुंबलं होतं. मुंबईकडून येणारी मालगाडी पुण्यात शिरूच नये, तळेगावच्या बाजूला वळावी, चाकणवरून पुण्याला बाहेरच्या बाहेर वळसा घालावा आणि पलीकडे सोलापूरच्या लाइनला जाऊन मिळावी, असा सरकारचा बेत होता. तो पुरा होईल की नाही हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. लाइन टाकायची झालीच तर कुठून टाकायची, एवढंच ते बघायला आले होते. हे सगळं त्यांनी चावडीत नीट समजावून सांगितलं. गावाने त्यातलं 'रेल्वे येतेय' एवढंच उचललं आणि बाकीचं साहेबांकडेच राहू दिलं.

गाव चार दिवस हवेत होतं. स्टेशन कुठे होणार यावर पैजा लागल्या. कांद्याच्या गोणी बैलगाडीतून चाकणला न्यायच्या, तिथे दलालाच्या दारात बसायचं, ही कटकट संपणार, इथे भरलेला डबा थेट मुंबईला उघडणार. आमच्या शेजारचे एक म्हातारबाबा होते, त्यांनी तर स्टेशनावर चहाचं दुकान कोणाचं असावं हेही ठरवून टाकलं, अर्थात त्यांच्या जावयाचं. साहेबांना घरोघरी पुरणपोळीचं जेवण झालं. ते बिचारे कोकणातले, भातखाऊ. तिसऱ्या घरी पोळी पाहून त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाढताना हसू आवरेना.

मग एक दिवस बातमी आली, की साहेबांनी झेंडे रोवलेत ते ओढ्याच्या पल्याड, माळावर. तिथे कुसळांशिवाय काही पिकत नव्हतं, म्हणून साहेबांना ती जागा बरी वाटली असावी. गावाला मात्र हा अपमान वाटला. रेल्वे येणार आणि आपल्याला पाठ दाखवून जाणार, म्हणजे काय. पावसाळ्यात ओढा भरला की गोणी पल्याड न्यायच्या कशा. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाटील आणि पाच-सहा कारभारी आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि मामंजींनी मला हाक मारली.

"सूनबाई, लिव्ह. लाइन गावाला लागून पायजे."

मी लिहिलं. खोटं कशाला बोलू, मन लावून लिहिलं. 'गोरगरीब रयतेची सोय व्हावी', 'आपण मायबाप आहात', असली वाक्यं मला आवडायची आणि ती वापरायची संधी रोज येत नव्हती. लाइन ओढ्याच्या अल्याड, गावाच्या बाजूने घ्यावी, त्यासाठी जमीन देण्यास ग्रामस्थांची हरकत नाही, असं त्यात होतं. खाली पाटलांची नि मामंजींची सही आणि चौतीस अंगठे. अंगठे उमटवून झाल्यावर मंडळी शाईचे अंगठे मिरवत देवळाकडे गेली. मी सांधेवाल्याची मुलगी. गर्दी टाळायला काढलेली लाइन आमच्या गावाला थांबेल कशाला, हे माझ्या डोक्यात तेव्हाच यायला हवं होतं. पण अक्षर चांगलं काढण्याच्या नादात मी डोकं वापरलं नाही, आणि याचा राग मला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

साहेब अर्ज वाचून खूश झाले. आजवर त्यांनी पाहिलेल्या गावांनी लाइन दूर सारा म्हणून हात जोडले होते. हे पहिलंच गाव, जवळ आणा म्हणणारं. शिवाय माळावर खडक फोडावा लागला असता, गावाच्या अंगाला मऊ माती. त्यांनी पुन्हा साखळी ओढायला घेतली. मी एक दिवस ओढ्यावर धुणं धूत होते. मान वर केली तर आमच्या वावरात, बांधापासून थोडंसं आत, चुन्याने रंगवलेली खुंटी आणि तिच्यावर लाल झेंडा. मी धुणं तसंच पिळून टोपलीत भरलं आणि घरी आले. अर्धं धुणं साबणाचंच राहिलं होतं. आत्याबाई बोलल्या, मी ऐकून घेतलं. माझ्याच हाताने मी ती लाइन त्याच्या अंगावर आणली होती, आणि हे कोणापाशी बोलायची सोय नव्हती.

संक्रांतीला वडील तिळगूळ घेऊन आले. जेवताना मामंजींनी त्यांना मोठ्या तोऱ्यात स्टेशनाची बातमी सांगितली. वडिलांनी घास खाली ठेवला.

"कसलं स्टेशन, इवाई?"

"आमच्या गावचं. तुमच्या चिंचवडावानी."

"पाव्हणं, पुन्याची गर्दी चुकवाय काढल्याली लाइन हाय ती. ती दर गावाला थांबाय लागली, तर चिंचवडानं काय पाप केलं व्हतं? गाडी येईल, शिट्टी मारंल आन्‌ जाईल. तुमच्या कांद्याकडं ढुंकून बघायची न्हाई."

मामंजी ताटातली भाकरी कुस्करू लागले. वडिलांना मात्र आपलं ज्ञान दाखवायची लहर आली होती. जमीन कशी जाते ते त्यांनी सविस्तर सांगितलं. रुळाखाली उंच भराव लागतो, आणि भरावाची माती काही आभाळातून पडत नाही. लाइनीच्या दोन्ही अंगांची जमीन कमरेइतकी खणून घेतात, मागे नुसते खड्डे उरतात, पावसाळ्यात त्यांत म्हशी डुंबतात. मी दाराआड भाकरी थापत होते. माझ्या हातातलं पीठ थांबलं. लाइन चार हात इकडे गेली काय नि तिकडे गेली काय, आता काही फरक नव्हता. पूर्ण वावर खणलं जाणार होतं. कोणीतरी परगावचा मजूर, त्याला काही ठाऊक नसताना, तिथे फावडं मारणार होता. आणि मला तर जागाही माहीत नव्हती, की आधी जाऊन निदान तिथे बसावं.

दुसऱ्या दिवशी नवरा गोठ्याशी दोर वळत बसला होता. माझा नवरा बोलायला कमी, म्हणजे इतका कमी, की लग्नानंतर पहिला महिनाभर मला तो तोतरा असेल असं वाटलं होतं. मी वैरण टाकता टाकता म्हटलं, "वढ्याच्या अंगाला खणत्यात म्हनं." त्याचे हात थांबले. थोड्या वेळाने पुन्हा चालू झाले. "आबा दुसरा अर्ज करत्यात न्हवं," एवढंच तो म्हणाला, आबा म्हणजे मामंजी, आणि दोराचं दुसरं टोक शोधत उठून गेला. त्या दिवशी मला त्याचा फार राग आला. त्याला काही वाटत नाही, असं मी धरून चालले.

दुसऱ्या अर्जाला तीच मंडळी ओसरीवर आली, फक्त या वेळी कोणी पाय पसरून बसलं नाही. लाइन गावापासून लांब न्यावी, असं आता लिहायचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी मायबाप सरकारला जवळ बोलावलं आणि आता लांब जा म्हणायचं, तर कारण तगडं हवं. मामंजी सांगत गेले, मी लिहीत गेले. आमची विहीर लाइनीत जाते. पाटलांचे दोन आंबे जातात. म्हातारबाबांचा गोठा जातो. चहाच्या दुकानाचा उल्लेख कोणी केला नाही. सगळं लिहून झालं, तरी कागदावर खाली चार बोटं जागा उरली होती. मी दौतीत टाक बुडवला आणि कोणालाही न विचारता आणखी एक ओळ लिहिली. 'सदर वावरात ओढ्याच्या बाजूस आमचे मूल ठेवलेले आहे.'

"वाच," मामंजी म्हणाले.

मी वाचलं. शेवटची ओळ सोडून सगळं वाचलं. माझा आवाज मला परका वाटत होता, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. चौतीस अंगठे पुन्हा उमटले. त्यातला एक अंगठा माझ्या नवऱ्याचा, बरोबर त्या ओळीच्या खाली. मामंजी सही करायचे, तीही एकेक अक्षर खणत. त्यांची सही होईपर्यंत मी दौत धरून उभी होते. साहेब तो कागद तंबूत बसून एकट्यानेच वाचतील, असं माझ्या मनात होतं. फार तर त्या जागेभोवती एक रेघ मारतील, कोणाला काही कळणार नाही.

साहेबांनी तो चावडीत वाचला, मोठ्याने, सगळ्या गावासमोर. एकदा जवळ बोलावून आता हाकलणारं गाव म्हणून त्यांना राग आला होता, आणि ज्यांनी अंगठे दिले त्यांनी आपली कारणं पुन्हा एकदा कानांनी ऐकावीत, असं त्यांना वाटत होतं. आम्ही बायका चावडीसमोर देवळाच्या पायरीवर. साहेब एकेक कारण वाचत होते आणि झटकत होते. विहिरीला मोबदला मिळेल. आंब्यांना मोबदला मिळेल. गोठा दुसरीकडे बांधा. मग ते त्या ओळीशी आले, ती अर्धी मोठ्याने वाचली, अर्धी मनात वाचली, आणि मग चष्मा काढून पुन्हा सगळी मोठ्याने वाचली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने मान खाली घातलेली मला दिसत होती. सगळ्यांच्या नजरा मामंजींकडे. मामंजींचा राग गावाला माहीत होता, एकदा त्यांनी भर बाजारात दलालाचं पागोटं उडवून दिलं होतं. आता ते उठून सांगतील, की असं काही आम्ही लिहायला सांगितलं नव्हतं, सुनेने आपल्या मनाचं घातलं. मग माझी पाठवणी चिंचवडला. मी पायरीच्या दगडाला हात लावून बसले, कारण तो थंड होता.

मामंजी उठले. "बराबर हाय, सायेब," ते म्हणाले. "लिव्हल्यालं समदं बराबर हाय. माझा नातू हाय तितं."

ते खाली बसले आणि त्यांच्या शेजारून म्हातारबाबांचा आवाज आला. चहाचं दुकान जावयाला देऊन टाकणारे तेच. ते उठले नाहीत, बसल्या बसल्याच बोलले. "त्याच काठाला माजी बी दोन हायत. लई वरसं झाली." त्यांच्या पाठीमागून कोणी म्हणालं, "आमची नात." मग पाटलांनी घसा साफ केला आणि बोट वर केलं, एक. बायकांच्या पायरीवर एकदम चुळबूळ झाली आणि थांबली. या सगळ्या बायका रोज माझ्याबरोबर पाणी भरत होत्या. कोणाचं काय तिथे आहे, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही त्यांना सांगितलं नव्हतं. पुरुषांना काही आठवत असेल, हे तर आम्हा कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

साहेबांनी कागद मांडीवर ठेवला. त्यांचा राग गेला होता. "देऊळ, स्मशान असलं तर आम्ही शक्य तिथवर टाळतोच," ते म्हणाले. "पण नकाशावर तिथे तसं काही नाही. आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगायची रीत न्हाई, सायेब," पाटील म्हणाले.

"मला जागा दाखवा. कागदावर जागा मांडल्याशिवाय वरचे लोक ऐकणार नाहीत. कोणाच्या घरचं कुठे, ते लिहून घेतलं पाहिजे. हा अर्ज कुणी लिहिला? अक्षर चांगलं आहे. मी मापं घेतो, यादी त्यांना करू द्या."

"माज्या सुनंनं लिव्हलाय," मामंजी म्हणाले. "पन बाया तिकडं येत न्हाईत."

तेवढ्यात माझ्या शेजारून आत्याबाई बोलल्या. चावडीत बसलेल्या पुरुषांना उद्देशून त्या बोलल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "जाऊ द्या तिला," त्या म्हणाल्या. "लिव्हलं तिनं, तर जाऊ द्या तिलाच." आणि मला कोपराने ढोसलं. मी उठले, तेव्हा माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

दुपारचं ऊन होतं. पुढे साहेब आणि साखळीवाले, मागे गावचे पुरुष, आणि सगळ्यात मागे डोक्यावर पदर ओढून मी, हातात पाटी आणि पाटीवर कागद. वावरात पोचलो तसे पुरुष पांगले. मला वाटलं होतं, आता शोधाशोध होईल, इथे का तिथे असं चालेल. कोणी शोधलं नाही. म्हातारबाबा काठी टेकत थेट एका उंबराच्या खोडाशी गेले आणि त्याच्या दोन अंगांना दोनदा काठी टेकवली. पाटील निवडुंगापाशी थांबले. तिथे काही खूण नव्हती, माती सगळीकडे सारखीच होती, आणि तरी प्रत्येक जण आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. साहेब मापं घेत होते, मी लिहीत होते. पाटलांचे घर, एक. शेजारचे घर, दोन.

माझा नवरा ओढ्याच्या काठाने गेला, निरगुडीच्या झाडोऱ्याला वळसा घालून तीन पावलं आत आला आणि थांबला. साहेबांकडे त्याने पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"हितं," तो म्हणाला.

मी लिहिलं. आमचे घर, एक. मग मी ती जागा पाहून घेतली, निरगुडीपासून किती, काठापासून किती, साहेबांच्या साखळीपेक्षा बारकाईने. वर्षभर मला मनाने रोज संबंध दीड एकरभर हिंडावं लागत होतं. आता ती जागा पदराएवढी झाली.

साहेबांनी खुंट्या उपटायला लावल्या. खडक तर खडक, म्हणाले, माळावरूनच नेऊ. रेल्वे अर्ज करून गावात आणणारं आणि अर्ज करूनच परत पाठवणारं दुसरं गाव मी पाहिलं नाही, असंही ते म्हणाले, पण हसत. परतताना मामंजी चालता चालता मागे राहिले, माझ्या चालीला चाल मिळाली तसे बोलले.

"मला वाचून दावताना ती वळ गाळलीस."

"व्हय, मामंजी."

"फुडल्या बारीला गाळू नगंस." एवढं बोलून ते झपाझप पुढे निघून गेले.

तरी माझा जीव पुरता खाली पडला नव्हता. साहेबांनी खुंट्या उपटल्या, पण साहेबांवर साहेब असतात. पुण्यात बसलेल्या कोणी नकाशावर पट्टी ठेवून रेघ सरळ केली असती, तर आमची यादी कोणाच्या फायलीत पडून राहिली असती. बायका पाणवठ्यावर मला रोज विचारायच्या, काही कळलं का. आता त्या उघड विचारायच्या. दुसरा पावसाळाही गेला. मग एकदा वडील आले आणि चपला काढायच्या आतच म्हणाले, वळशाची लाइन बारगळली. पैसा दुसऱ्या कामाला लागला, का कोणी मोठ्या माणसाने नको म्हटलं, त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. मोजणीचे कागद कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. वडिलांना वाईट वाटत होतं, कारण त्यांच्या मालगाड्या चिंचवडला तशाच ताटकळत राहणार होत्या. मामंजींनी त्यांच्यासमोर तोंडापुरती हळहळ केली. मी आत चुलीपुढे पदर तोंडात धरून रडले आणि मग मला हसू यायला लागलं. इतकं मोकळं मला बाळंतपणापासून वाटलं नव्हतं. वडिलांच्या ड्यूटीची मला जरासुद्धा दया आली नाही, हे मी कबूल करते.

दोन-तीन दिवसांनी बाजरीच्या कापणीला आम्ही दोघं ओढ्याकाठच्या वावरात होतो. निरगुडीच्या आतली ती जागा नवऱ्याने पेरलीच नव्हती, नांगर तिला वळसा घालून गेला होता. दुपारी भाकरी खायला मी तिथेच बसले. तो जरा घुटमळला, मग माझ्या शेजारी येऊन बसला. आता तिथे कोणी खणायला येणार नव्हतं, म्हणून मला विचारायचा धीर झाला. चावडीत नाही, वाटेत नाही, यादी करतानाही जे विचारता आलं नव्हतं, ते मी विचारलं.

"त्वांड कुनीकडं केलंय त्याचं?"

तो भाकरीचं फडकं सोडत होता. गाठ घट्ट बसली होती, ती सोडवायला त्याने बराच वेळ घेतला.

"रीत निराळी हाय," तो म्हणाला. "पन म्या घराकडं केलं. आबांनी बघितलं. बोलले न्हाईत कायच."

मी घराकडे पाहिलं. ओढ्याच्या चढावरून आमच्या घराची कौलं दिसत होती आणि मागचं दार उघडं होतं. मी बरं म्हणाले. त्याने भाकरी माझ्या हातावर ठेवली, आणि त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.